एक ठोका

सूर्यभाननं लांब दांड्याच्या डिसमिसची लाकडी मूठ दातांत धरली, पातं चालू इंजिनाच्या कुशीला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. अशा वेळी आबासाहेबांच्या गॅरेजात कुणी खोकतसुद्धा नसे. यज्ञेश्वर वकील तर श्वास रोखून उभे होते. मोटर त्यांची होती ना!

सूर्यभाननं डोळे उघडून हातानं खूण केली, तसं वकिलांनी वाकून इंजिन बंद केलं.

"इंजिन धड आहे ना, मिस्त्री? दोन कार्बोरेटर झेपतील त्याला?"

सूर्यभान मोटरीच्या पत्र्याला मांडी टेकवून उभा होता. डिसमिस फडक्यानं पुसत राहिला. मोटरच्या पलीकडं छगन तांबट जमिनीवर बसून तांब्याची नळी वाकवत होता. त्यानं हातातली चिमुकली हातोडी सहज चाळा म्हणून मडगार्डावर आपटली. एकदाच.

"व्हय," सूर्यभान म्हणाला.

"आणि हा पेट्रोलचा जुना डबा? असू द्यायचा का, अडीअडचणीला?"

हातोडी मडगार्डावर दोनदा वाजली.

"न्हाई."

वकील खूश झाले. "बघा आबासाहेब, याला म्हणतात कारागीर. शब्द दोनच, पण तोलून-मापून!"

आबासाहेबांनीही समाधानानं मान हलवली. माळीवाडा वेशीबाहेरचं त्यांचं गॅरेज चालत होतं ते सूर्यभानच्या नावावर. 'कानाचा मिस्त्री' म्हणून नगरात त्याचा बोलबाला होता. इंजिनाची नुसती कुरकुर ऐकून तो दुखणं सांगतो, असं भिंगार कँपातल्या साहेबापासून जामखेडच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरापर्यंत जो तो सांगे.

आणि खरं सांगायचं तर सूर्यभान ठार बहिरा होता.

जन्माचा नव्हे. लढाईच्या चार वर्षांनी त्याला बहिरा केला. बेचाळीस साली लष्करानं कँपातल्या रणगाड्यांच्या कामाला हुशार फिटर गोळा केले, त्यात तो गेला. पत्र्याच्या बंद शेडमध्ये रणगाड्यांची इंजिनं दिवसदिवस घुमवत ठेवायची आणि शेजारी उभं राहून त्यांची नाडी बघायची, हे त्याचं काम. पहिल्या वर्षी रात्री कानात रातकिडे ओरडायला लागले. दुसऱ्या वर्षी बायकोची, बायडाबाईची हाक त्याला दारातून ऐकू येईना. लढाई संपून तो आबासाहेबांकडं परत आला तेव्हा रातकिडेही गप्प झाले होते. बावीस वर्षं ज्या कानावर भाकरी खाल्ली, त्या कानानं ऐन पन्नाशीत दगा दिला होता.

पण इंजिन त्याच्या दातांना कळे. डिसमिस दातांत धरला की इंजिनाचा थरकाप जबड्यातून कवटीत चढे, आणि कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते त्याला बरोबर उमगे. लोकांना वाटे, ही त्याची जुनी लकब. इंजिनांचं असं भागे. माणसं मात्र दातांना कळत नाहीत. ओठांवरून अर्धं समजायचं, उरलेल्याला 'व्हय' म्हणायचं. दहातली आठ माणसं काही विचारतात ती हो म्हणवून घ्यायलाच विचारतात, हे त्याला बहिरा झाल्यावर कळलं. पण उरलेली दोन माणसं कधीतरी नडणार, ही भीती त्याला सोडत नसे.

गॅरेजात ही गोष्ट एकट्या छगनला ठाऊक होती. छगन तिथं रेडिएटरला कथील वितळवून डाक लावायला आणि नळ्या करायला बसे. सूर्यभान परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीमागं छगनच्या हातून तांब्याचा हंडा पडला. सगळं गॅरेज दचकलं. सूर्यभाननं मान वळवली नाही. छगननं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं, हंडा उचलला आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरानं सूर्यभानला काहीतरी विचारलं आणि नेमकी त्याच वेळी छगनची हातोडी ज्या पत्र्यावर सूर्यभानचा हात होता त्या पत्र्यावर वाजली. एक ठोका. सूर्यभाननं त्याच्याकडं पाहिलं. छगननं मान डोलावली. एक ठोका म्हणजे हो म्हण, दोन म्हणजे नाही म्हण. दोघांनी बसून काही ठरवलं नाही, की पुढं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

बायडाबाई मात्र त्याच्या मागं लागे. त्याला समोर बसवून, ओठ मोठे करून म्हणे, "आबासायबास्नी सांगून टाका की. माणूस वाईट न्हाई."

"सांगतो की! मंग काय करू? जामखेडला जाऊ? तितं पाऊस न्हाई का पानी न्हाई. आपलं भाऊबंद उसाच्या फडावं जात्यात, तसा कोयता घिऊन जाऊ म्हाताऱ्या वयात?"

"छगनभाऊजी किती दिस पुरतील तुमाला?"

हे तिनं विचारलं की सूर्यभान तोंड फिरवी. तोंड फिरवलं की त्याच्यापुरतं बोलणं संपे. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा होता.

वकिलांची मोटर तशी देखणी होती. हिरवी, बुटकी, दोघांपुरती. विलायतेला परत चाललेल्या एका लष्करी साहेबाकडून त्यांनी ती घेतली आणि मोटरीबरोबर एक लाकडी पेटी आली. पेटीत दोन नवे कार्बोरेटर आणि मुठीएवढा एक विजेचा पंप. साहेबाला मोटर शर्यतीची करायची होती. त्याचं राहून गेलं ते वकिलांनी मनावर घेतलं. पुण्याकडं एका घाटात मोटारींची चढणीची शर्यत लागणार होती, तिथं ही मोटर न्यायची. पेट्रोल कूपनावर मिळायचे दिवस. पण वकिलांनी महिना-दीड महिना कोर्टात सायकलवर जाऊन कूपनं शिल्लक टाकली होती. हौशी माणूस. मनानं वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

जुन्या रचनेत मोटर चालू झाली की इंजिनाच्या ओढीनं मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढच्या एका डब्यात येई आणि तिथून आपल्या वजनानं कार्बोरेटरात उतरे. इंजिन बंद, की सगळं बंद. चावी नुसती फिरवली तर एक दिवा लागे, दुसरं काही होत नसे. पण दोन कार्बोरेटरांना डब्यातलं पेट्रोल पुरणार नव्हतं.

"मोटरीला जुळी झालीत," छगन म्हणाला होता. "एका वाटीवर दोगांचं कसं भागायचं?"

म्हणून पंप. त्याला वीज मिळाली की तो टिकटिक करत टाकीतलं पेट्रोल ओढून पुढं ढकलतो. दोन्ही कार्बोरेटर भरले की टिकटिक आपोआप थांबते. न थांबली, तर कुठंतरी गळतंय असं समजायचं. इंजिन चालू असो वा नसो, पंपाला त्याचं काही नाही. त्याला फक्त चावी फिरलेली कळते.

हे सगळं सूर्यभाननं लष्करात पाहिलं होतं. कान असते तर तो पंप त्याला खेळण्यासारखा वाटला असता. आता मात्र पहिल्याच दिवशी पेटी उघडल्यावर त्याच्या मनात आलं, की देवानं बरोबर आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. ऐकून तपासायची वस्तू! त्यानं पंप फळीवर ठेवला, दोन तारा बॅटरीला लावल्या आणि वर तळहात दाबला. तळहाताला बारीक टिचक्या बसायला लागल्या. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून छगनही हसला.

आठ दिवस दोघं त्या मोटरीवर राबले. सूर्यभाननं जुना डबा उतरवला, पंप इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर बसवला, कार्बोरेटरांच्या सुया घासून एकसारख्या केल्या. छगननं नळ्या केल्या. त्याचं काम बघत राहावं असं होतं. नळीत वाळू भरून, गुडघ्यावर दाबून तो अशी वाकवी, की कुठं चुरगळ नाही की चेंबणं नाही. प्रत्येक नळीच्या टोकाला पितळी बोंड डाक लावून बसवायचं आणि ते कार्बोरेटरच्या तोंडात घट्ट आवळायचं. वकील रोज कोर्ट सुटल्यावर येत, नळ्यांवरून बोट फिरवत आणि "वा!" म्हणत.

शुक्रवारी पहाटे ते पुण्याला निघणार होते. गुरुवारी सकाळी एकच नळी राहिली होती, पंपापासून दुसऱ्या कार्बोरेटरपर्यंतची. सूर्यभाननं पंपाच्या तारा चावीला जोडल्या. टाकीत पेट्रोल भरलेलं होतं. छगननं नळी लावून बघितली, तर टोकाचं बोंड सुतभर तिरकं बसत होतं.

छगन सूर्यभानच्या समोर आला आणि नीट तोंड करून म्हणाला, "ही काढून पुन्ना बसवायची म्हंजे कोन चुकनारच. त्यापरीस जागेवरच दोन थेंब डाक टाकतो. कोन धरला का मंग भाईर काढून पक्की करतो."

सूर्यभाननं ओठ वाचले. त्यानं मागं टाकीकडं पाहिलं, मग नळीकडं. नळी कोरडी होती. शंभर मोटारींवर त्यांनी असंच केलं होतं. इंजिन ओढेपर्यंत पेट्रोल पुढं येत नाही, हे चोवीस वर्षं हातात मुरलेलं. तारा त्यानंच जोडल्या होत्या, नाही असं नाही. अर्ध्या तासापूर्वी जोडल्या होत्या. बॅटरीची एक तार काढायला किती वेळ लागला असता? पण डोक्याला ठाऊक असलेली गोष्ट हाताला ठाऊक व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या दिवशी मिळाला नाही. त्यानं मान हलवली. छगननं डाक लावायचा रॉकेलचा दिवा पेटवला. निळी ज्योत फुसफुसायला लागली.

छगन मोटरच्या डाव्या अंगाला ओणवा झाला, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात चिमट्यानं धरलेलं बोंड. सूर्यभान उजव्या अंगाला पंपाचा पेच आवळत होता. एवढ्यात वकील आले. कोर्टात जाता जाता, काळ्या कोटातच. दार उघडून ते आपल्या जागेवर बसले. पुढचं झाकण वर केलेलं होतं, त्यामुळं त्यांना काचेतून काही दिसत नव्हतं. त्यांनी मान बाजूला काढून सूर्यभानला हाक मारली.

"मिस्त्री, पंप बसला वाटतं! चावी फिरवून बघू का? टिकटिक ऐकायचीय मला."

सूर्यभाननं वर पाहिलं. वकिलांचं तोंड हसरं होतं आणि ओठ हलून थांबले होते. काहीतरी विचारलं होतं. त्याचा एक हात मोटरच्या पत्र्यावर होताच. सवयीनं तो क्षणभर ठोक्याची वाट पाहत राहिला. पण छगनचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि कानाशी दिवा फुसफुसत होता. वकिलांचा आवाज त्याच्या कानी गेलाच नव्हता.

ठोका आला नाही. माणूस हसून विचारतोय म्हणजे हो म्हणायचं.

"व्हय," सूर्यभान म्हणाला.

दुसरा हात पंपावर होता. तळहाताला टिचकी बसली. मग दुसरी, तिसरी. आणि सांगायला जीव धजत नाही, पण त्याला आनंद झाला. चालतोय! असं त्याच्या मनात आलं. पाचव्या-सहाव्या टिचकीला त्याला समजलं, तोवर पलीकडच्या उघड्या नळीतून पेट्रोलची धार छगनच्या छातीवर उडाली होती.

छगन पेटला तेव्हा ओरडला असणार. सगळ्यांनी कान झाकले, वकिलांनी दार उघडून बाहेर उडी टाकली, वेशीपाशी टांगेवाले उठून उभे राहिले. सूर्यभानपुरतं सगळं मुक्यानंच झालं. त्यानं गोणपाट ओढलं, छगनला मिठी मारून खाली पाडलं, वाळूची बादली त्याच्यावर ओतली. सूर्यभानचे स्वतःचे हात मनगटापर्यंत भाजले. मोटर अर्धी जळाली. चिमुकली हातोडी मडगार्डाखाली पडून राहिली.

सरकारी दवाखान्यात छगन दीड दिवस होता. त्याची बायको गोजरबाई लेकीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेलेली. तार गेली, पण शुक्रवारी दुपारच्या मोटारीशिवाय ती पोहोचणार नव्हती. तोवर खाटेशी सूर्यभान बसून. बायडाबाईनं भाकरी आणली, ती तशीच फडक्यात राहिली.

शुक्रवारी दुपारी नर्स दुसऱ्या खोलीत गेली आणि छगननं डोळे उघडले. त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले होते. त्यानं उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. बोटं कुठं होती ठोका मारायला? तो बोलायला लागला.

सूर्यभान वाकला. छगनचे ओठ सुजून जाड झाले होते. ते हलत होते, पण त्यातून शब्द वेगळा होत नव्हता. सूर्यभाननं कान तोंडाशी नेला. गालाला गरम वाफ लागली, बाकी काही नाही. त्यानं लोखंडी खाटेची पट्टी पकडली. मग वेड्यासारखा पट्टीवर दात टेकून बसला. इंजिनं बोलतात तशी खाट बोलेल असं त्याला वाटलं की काय, कुणास ठाऊक. पट्टी नुसती थंड होती.

छगन बराच वेळ बोलत होता. मध्ये थांबला, पुन्हा बोलला. मग प्रश्न विचारावा तसा सूर्यभानकडं बघत राहिला. त्या नजरेपुढं दुसरं काय करणार?

"व्हय," सूर्यभान म्हणाला. "व्हय, छगन."

छगनच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्यानं डोळे मिटले. तासाभरानं नर्सनं येऊन चादर वर ओढली. त्यानंतर घटकाभरानं गोजरबाई संगमनेरच्या मोटारीतून उतरली.

शनिवारी फौजदार गॅरेजात पंचनाम्याला आले. ते यायच्या आधी वकिलांनी सूर्यभानला कोपऱ्यात नेलं, खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या कानाशी लागून हलक्या आवाजात काहीबाही सांगितलं. कानाशी लागल्यामुळं ओठ दिसायचीही सोय राहिली नाही. काय सांगितलं ते वकिलांनी मागाहून आबासाहेबांपाशी कबूल केलं आणि त्यांच्याकडून सूर्यभानला त्याच दिवशी दुपारी कळलं. "चावी मी फिरवली आणि तुम्ही 'हो' म्हणालात, हे आपण दोघंही बोलायचं नाही. दिव्याचा भडका उडाला, छगननं दिवा निष्काळजीपणानं टाकीजवळ नेला, एवढंच सांगायचं. गेलेल्या माणसाला त्याचं काय? नाहीतर तुम्हीही अडकाल आणि मीही." घाबरलेला माणूस असाच बोलतो. त्यांना रात्रभर झोप नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

सूर्यभाननं मान खाली घालून ऐकल्यासारखं केलं. वकील थांबले तसं तो म्हणाला, "व्हय."

वकिलांनी त्याचा खांदा दाबला.

पंच बसले. आधी वकिलांचा जबाब झाला. ते बोलत होते आणि सूर्यभान त्यांचे हात बघत होता. हातांनी दिवा धरला. हात टाकीकडं गेले. मग छगन जिथं रोज बसायचा त्या रिकाम्या जागेकडं त्यांनी बोट दाखवलं आणि मान दुःखानं हलवली. आबासाहेबांनीही मान हलवली. लिहिणारा शिपाई भराभर लिहीत होता.

सूर्यभानच्या लक्षात आलं. छगन! ज्यानं तीस वर्षांत नळीवर चुरगळ पडू दिली नाही, त्याच्या नावानं सरकारी कागदावर निष्काळजी लिहिलं जात होतं.

फौजदार सूर्यभानकडं वळले आणि काहीतरी विचारलं. त्यांच्या भरघोस मिशांनी वरचा ओठ पुरता झाकलेला होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. वकीलही, डोळ्यांनी विनवत. सूर्यभानचा पट्टी बांधलेला हात जळक्या मडगार्डावर होता. तो वाट पाहत राहिला. पत्रा मुका होता. आता कधीच कुणी त्यावर वाजवणार नव्हतं, हे त्याला तिथं, त्या क्षणी, पहिल्यांदा कळलं. त्याचे डोळे भरून आले.

"सायेब," तो म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई."

फौजदारांनी मोठ्यानं काहीतरी म्हटलं.

"वरडून उपेग न्हाई. मी ठार भैरा हाय. दोन वर्सं झाली. वकीलसायबांनी चावी फिरवू का म्हनून इचारलं आसंल, मी न ऐकता व्हय म्हनलो. पंपाच्या तारा मी जोडल्या, मला ठाव हुतं चावी फिरली का पेट्रोल येनार. छगनची चूक न्हाई. त्याचा दिवा जागेवर हुता. ल्ह्या तसं."

फौजदारांचा विश्वास बसेना. कानाचा मिस्त्री आणि बहिरा? शिक्षा टाळायला माणूस काय काय सोंगं करतो, हे त्यांनी पाहिलेलं. त्यांनी सूर्यभानला भिंतीकडं तोंड करून उभा केला. दहा पावलांवर मागं एक लॉरी दुरुस्तीला आली होती. शिपायानं जाऊन तिचा भोंगा दाबला. दाबूनच धरला. सूर्यभान भिंतीकडं बघत होता. वेशीवरचे कावळे एकदम उडाले, तेव्हा त्याला समजलं की मागं काहीतरी वाजलंय.

तो वळला तेव्हा सगळ्यांच्या माना खाली होत्या. त्याला फसवल्याचा राग कुणाच्याही तोंडावर नव्हता. होती ती दया, आणि ती रागापेक्षा वाईट होती. वकील हातात तोंड झाकून बसले होते. थोड्या वेळानं ते उठले, शिपायाकडं गेले आणि आपला जबाब त्यांनी पुन्हा लिहून घ्यायला लावला. फौजदारांनी शेवटी 'अपघात' असं लिहून कागद मिटले.

आबासाहेबांनी सूर्यभानला जायला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. त्यानं आपला लांब डिसमिस फडक्यात गुंडाळला, मडगार्डाखालची हातोडी उचलून खिशात घातली आणि वेशीतून आत शिरला. चोवीस वर्षांत तो कधी दिवसाउजेडी घरी गेला नव्हता.

दशक्रिया झाल्यावर तो तांबट आळीत गेला. गोजरबाई ओसरीवर बसली होती. शेजारी छगनचा ठोकायचा राहिलेला एक हंडा उपडा पडला होता. सूर्यभाननं खिशातून हातोडी काढून हंड्याजवळ ठेवली आणि समोर जमिनीवर बसला. त्याचा गुडघा हंड्याला लागला होता.

गोजरबाई खाली मान घालूनच काहीतरी बोलली.

तोंडावर आलेला 'व्हय' त्यानं गिळला. "वैनी, वर बगून बोला. मला ऐकू येत न्हाई."

तिनं वर पाहिलं. "ठाव हाय मला, भावजी. ह्यांनी कवाच सांगितलं हुतं." मग ओठ सावकाश हलवत तिनं विचारलं, "शेवटाला तुमीच हुता जवळ. ते काय बोलले?"

"लई बोलला."

"काय?"

सूर्यभाननं पट्टी बांधलेले हात मांडीवर उलटे केले. "मला ऐकू आलं न्हाई, वैनी. एक सबुद बी न्हाई. त्यानं काय तरी इचारलं. मी व्हय म्हनलो. कशाला व्हय म्हनलो, ते मला ठाव न्हाई."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं बोलणं होतं ते, आणि ते नेमकं बहिऱ्याच्या कानात पडलं होतं. ती ओरडेल, आपल्याला शिव्या घालेल असं त्याला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं डोळे पुसले. पुन्हा त्याच्याकडं तोंड केलं.

"माजं नाव घेतलं आसंल न्हवं?"

सूर्यभाननं तोंड उघडलं. पंचांसमोर खरं बोलायला त्याला जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं आता जात होतं. "वैनी, मला खरंच..."

गोजरबाईनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. तिनं हातोडी उचलली. मुठीवर छगनच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला होता, तिथंच तिचा अंगठा बसला. तिनं हंड्याच्या बुडावर ती वाजवली. एकदाच.

तो ठोका सूर्यभानच्या गुडघ्यातून वर चढला. गोजरबाई हातोडी हंड्यावर तशीच टेकवून, त्याच्या तोंडाकडं बघत बसली होती.

"व्हय," सूर्यभान म्हणाला.